आजीला इतिहास विचारू नका

दोन अंकांपूर्वी याच पानावर मी आमच्या आजीवर केलेल्या फिल्मबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. जन्म 1931 चा, रेवदंड्याचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. पोटासाठी मी इतरांच्या फिल्मचं संकलन करते, पण कॅमेरा हातात घेतला तो आजीसाठीच. 2017 च्या जुलैपासून सव्वा वर्ष, ठाण्याच्या दोन खोल्यांत, जमेल तेव्हा. बावीस तासांचं चित्रण झालं, त्यातून एक्केचाळीस मिनिटांची फिल्म निघाली. आजी 2020 साली गेली.

लेखानंतर पत्रं आली. निम्म्यांत एकच मागणी होती, 'आम्हालाही आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसावर करायचीय, कशी करू?' संपादकांनी त्यातली काही निवडून दिली आणि म्हणाले, उत्तरं द्या, पण कॅमेऱ्याची जाहिरात करू नका. बरं.

माझी पणजी 91 वर्षांची आहे. आम्हीही बेने इस्राएलच, पनवेलला राहतो. मी शंभर प्रश्नांची यादी केलीय, पण काहीही विचारलं की ती 'मला काय माहीत' म्हणते. सुरुवात कुठून करू? (बी.ए.ची विद्यार्थिनी, पनवेल)

तुला 'तू'च म्हणते. यादी फाडून टाक. टाकवत नसेल तर घडी करून पुस्तकात ठेव, पण पणजीसमोर काढू नकोस.

मीही केली होती यादी, चौसष्ट प्रश्नांची, टाइप करून. पहिल्या दिवशी आजीला खुर्चीत बसवलं, मागे चांगला पडदा लावला, दिवा लावला आणि अगदी बातमीदारासारखं विचारलं, 'आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला कसे लागले?'

आजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, 'मी होते का तिथं?'

आता तुला आणि मला ती गोष्ट पाठ आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, प्रार्थनांपैकी एक शेमा तेवढी लक्षात राहिली. पुढे तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. जो कोणी आमच्यावर फिल्म करायला घेतो तो याच गलबतात चढतो आणि पहिली दहा मिनिटं समुद्रच दाखवत राहतो. वर ड्रोन. माझ्या पहिल्या जुळणीतही होता समुद्र, खोटं कशाला बोलू? पण ही गोष्ट पुस्तकात आहे, तिथून पळून जाणार नाही. पणजी पुस्तकात नाही.

मग मी प्रश्न विचारायचंच बंद केलं. त्याच महिन्याच्या 31 तारखेला, दुपारी, आजी बिरडं सोलायला बसली. दुसऱ्या दिवशी आव्ह महिन्याची नवमी होती. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा हा उपास. बाकीचे यहुदी त्याला तिशा ब'आव्ह म्हणतात, आपण म्हणतो बिरड्याचा सण, कारण तो सोडायचा वालाच्या बिरड्याने. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात होते. आजी एकेक दाणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, हलकेच दाबायची, आणि दाणा सालातून मोडासकट सुटून पातेल्यात पडायचा. साल डाव्या हाताला, वर्तमानपत्रावर. तिचा अंगठा संधिवाताने वाकडा झाला होता, पण मोड एकाही दाण्याचा तुटला नाही. मी समोर बसले नाही, बाजूला जमिनीवर बसले. फोन स्टुलावर ठेवला, भिंग तिच्या हातांकडे. आणि मीही सोलायला घेतलं. माझ्याकडून दर चौथा दाणा दुभंगत होता. त्यावर ती मला बोलली. बोलता बोलता म्हणाली, 'मावशी पण असंच ओरडायची.'

दहाव्या वर्षी आजीला शिक्षणासाठी मुंबईला मावशीकडे ठेवलं होतं, मांडवीच्या इस्राएल मोहल्ल्यात. शाळा माझगावची, सर एली कदुरी. तेव्हा तिथे रिबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या आणि त्या कॉरिडॉरमधून चालत आल्या की मुली भिंतीला चिकटायच्या, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

'शुक्रवार होता. अनाशी ढाकायच्या सणाचे दिवस. मी दिव्याचा पेला धुवून कोनाड्यात ठेवत होते. एवढ्यात धाडकन् आवाज झाला आणि पेला खाली. मावशी आतून आली ती माझ्या पाठीत रपाटा घालून मोकळी. म्हणाली, सणासुदीचा दिवा फोडलास? मी म्हटलं मी नाही फोडला. मग दुसरा आवाज झाला तेव्हा खिडकीच्या काचाच आत आल्या. तेव्हा तिला कळलं, मी नाही फोडला.'

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्यांनी भरलेलं जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली, सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या. तो शुक्रवारच होता आणि पेसाहचा, म्हणजे त्याच अनाशी ढाकायच्या सणाचा, सातवा दिवस, मी नंतर कॅलेंडर लावून पाहिलं. 'तुम्ही गोदीचा स्फोट अनुभवलात का?' असा प्रश्न माझ्या चौसष्टांत नव्हता. असता तर ती म्हणाली असती, 'हो, मोठा झाला होता.' एवढंच. रपाटा आला नसता. 'मग मावशीने माफी मागितली का?' मी विचारलं. आजीने एक दाणा सोलला, दुसरा सोलला. 'मोठी माणसं माफी मागायची का तेव्हा? रात्री मला तिच्या वाटणीची तांदळाची घारी दिली.'

हात कामात असले की तोंड आपोआप चालू लागतं. तुझी पणजी काय करते? लसूण सोलत असेल, वाती वळत असेल, सिद्दूरच्या, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाच्या, सुट्या पानांना गोंद लावत असेल. तिथे बस. आणि एक गोष्ट माझ्याकडून शीक, कारण ती मी फार महागात शिकले. ती बोलायची थांबली की मनात दहा आकडे मोज. त्या दहात ती परत बोलली नाही तरच तू बोल. माझ्या चित्रणात पाच ठिकाणी आजीचं सगळ्यात चांगलं वाक्य सुरू होतंय आणि त्यावर माझं 'हो का? अय्या!' पडलंय. संकलन करताना मी स्वतःलाच ज्या शिव्या घातल्या त्या या मासिकात छापत नाहीत.

कुठला कॅमेरा घ्यावा? बजेट फारसं नाही. (एक वाचक, नाशिक)

खिशातला फोन पुरे. पैसे आवाजावर घाला. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला तर उठून जातात.

पंखा बंद करा. मी मे महिन्यात दया येऊन पंखा चालू ठेवला आणि चार तास घालवले. आजी नवऱ्याच्या परळ वर्कशॉपमधल्या नोकरीबद्दल बोलतेय आणि पार्श्वभूमीला जणू वर्कशॉपच चालू आहे. फ्रीजही बंद करा आणि त्यात स्वतःच्या स्कूटरची चावी ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येणार नाही. माइक पदराला लावू नका, पदर सरकतो. ब्लाउजच्या गळ्याशी लावा आणि मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना ते पाहा. आजीची काकणं हा निराळाच विषय होता. शेवटी मी ती तशीच ठेवली. ती बोलत असताना काकणं वाजायची थांबतात, ते थांबणं फिल्ममध्ये ऐकू येतं.

ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. चित्रण सेकंदाला 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 वर ठेवा, पट्टे जातील. आणि निघण्यापूर्वी त्याच खोलीत, कोणी न बोलता, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात जिथे जिथे ठिगळ लागेल तिथे ती शांतता कामाला येते. घरचे हसतील. हसू द्या, पण ते एक मिनिट झाल्यावर.

आमच्या वाड्याच्या मागे एक बेने इस्राएल गृहस्थ राहतात, वय 84. लहानपणापासून आम्ही त्यांना काका म्हणतो. मी स्वतः यहुदी नाही. मी फिल्म करणं योग्य होईल का? आणि पार्श्वसंगीताला ज्यू पद्धतीचं व्हायोलिन वापरावं असं मनात आहे. (एक वाचक, रास्ता पेठ, पुणे)

व्हायोलिन वापरू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही ज्या व्हायोलिनबद्दल बोलताय ते पूर्व युरोपातल्या यहुद्यांचं लग्नातलं संगीत. तुमच्या काकांच्या सात पिढ्यांनी ते ऐकलेलं नाही. आमच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात अब्राहाम आणि योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं रचली, पेटी-तबल्यावर, साकी आणि दिंडी लावून. काकांना विचारा घरात कोणी पेटी वाजवायचं का. बहुतेक माळ्यावर असेल. तिचा एखादा सूर बसलेला असेल, तो तसाच वापरा.

तुम्ही करणं योग्य का? तुम्ही त्यांना काका म्हणता आणि त्यांच्या दारात वाढलात, तर तुमच्याहून योग्य माणूस मी कुठून आणू? फक्त 'काका, तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारू नका. आयुष्यभर रेल्वेत, बँकेत, शाळेच्या प्रवेशाला त्यांनी त्याचं उत्तर दिलंय. ज्यू म्हणजे पारशी का, ख्रिश्चन का, मग नाव असं का आणि आडनाव गावावरून 'कर' कसं. महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो 2016 साली. तोवर फॉर्मवर आमचं घर 'इतर' या रकान्यात. तुम्ही तरी त्यांना पुन्हा त्या रकान्यात बसवू नका. रास्ता पेठेतलं क्रिकेट कसं होतं ते विचारा.

पथ्यं मात्र पाळा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, तेव्हा फोन घरी ठेवायचा. ते पाळत नसले तरी तुम्ही पाळा, आणि 'चालतं रे' म्हणाले तर एकदा परत विचारा. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, तर नावच काढू नका. तुमच्याच पेठेत सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, आहे. तिथे आत चित्रण करायचं तर विश्वस्तांची परवानगी आधी घ्या, ओळखपत्र न्या. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर सगळ्याच सिनेगॉगमध्ये सुरक्षेची चौकशी असते, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. कार्यक्रमच टिपायचा असेल तर मलिदा टिपा. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, आणि आजूबाजूला सगळं घर. नवस फेडायचा असतो, त्यामुळे लोक आनंदात असतात आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतात.

आम्ही 1971 पासून दिमोनाला आहोत. माझे सासरे 88 वर्षांचे, अलिबागचे. मराठी आणि हिब्रू एकाच वाक्यात मिसळतात. माझ्या मुलाला फिल्म करायचीय, पण त्याचं मराठी तोडकंमोडकं. प्रश्न मी विचारू की त्याने? (एक वाचक भगिनी, दिमोना, इस्राएल)

ताई, मुलाने. डोळे झाकून.

तुम्ही विचारलंत तर सासरे अर्धंच सांगतील, कारण उरलेलं तुम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. 'ते आपलं नेहमीचं' म्हणतील आणि पुढे जातील. नातवाला 'नेहमीचं' म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्याच्यासाठी त्यांना पाणशेगडी म्हणजे काय, पडवी म्हणजे काय, इस्राएल आळीतून मागेन आवोत सिनेगॉगला जाताना चपला कुठे काढायच्या, सगळं उलगडून सांगावं लागेल. तो चुकीचा शब्द वापरेल, आजोबा दुरुस्त करतील. ती दुरुस्ती कापू नका. मिसळलेली वाक्यंही धुवून शुद्ध करू नका; 1971 नंतरचं त्यांचं आयुष्य त्या मिसळीतच आहे.

मजकुराच्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे सबटायटलबद्दल, एक इशारा. माझ्या आतेबहिणीच्या मुलीने इस्राएलमधल्या अश्दोदहून आमच्या फिल्मसाठी हिब्रू पट्ट्या केल्या. आजी आयुष्यभर सिनेगॉगला 'मशीद' म्हणायची, जुनी माणसं सगळीच म्हणायची. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहामीम, ती जुनी मशीद. आणि रेल्वेच्या मस्जिद स्टेशनाला तिचंच नाव आहे असं आमच्यात सांगतात. पोरीने इमानदारीत 'मशीद' चं 'मिस्गाद' केलं. मग पडद्यावर आमची आजी डोक्यावर पदर घेऊन म्हणतेय 'दारफाळणीला मी दिवसभर मशिदीतच' आणि खाली हिब्रूत ती मुसलमानांच्या मशिदीत बसलीय. अश्दोदला पहिल्यांदा फिल्म लावली तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा हसता हसता खोकायलाच लागला. आम्ही ते 'बेत क्नेसेत' केलं, पण तिचा 'मशीद' हा आवाज तसाच ठेवला. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह उडी मारून भलत्या टोकाला जातात. शेवटची तपासणी हिब्रू वाचणाऱ्याकडूनच करून घ्या.

सासऱ्यांनी 1964 सालाविषयी काही ऐकलं असेल, भाऊबंदांपैकी कोणी तिथे आधीच गेलेलं असेल, तर ते नक्की येऊ द्या. धर्मपीठाने आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती, माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली आणि शेवटी त्या वर्षी क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असं म्हटलं. माझ्या आजीचा थोरला भाऊ तेव्हा बीरशेव्हाला होता. त्याने त्याबद्दल बहिणीला काय लिहिलं? निळं आंतरदेशी असतं तसं हवाई पत्र, त्यात चौदा ओळी. बारा ओळी आमसुलांविषयी: मागची बुरशी लागून पोचली, आता मीठ जास्त लावून पाठव, आणि सुकी मासळी पाठवू नकोस, पोस्टातला माणूस तोंड वाकडं करतो. मग, 'आम्ही आठ दिवस बसलो होतो. आता बरं आहे.' आजी ते पत्र भिंगाने वाचते आणि 'आता बरं आहे' पाशी भिंग मागेपुढे करत राहते. त्या भिंगामागे तिचा डोळा मोठा होतो, लहान होतो. माझ्या फिल्ममधली ती चाळीस सेकंदं मला सगळ्यात आवडतात, आणि त्यात कोणी काही बोलत नाही.

आजोबांनी चित्रणात एका जुन्या कौटुंबिक प्रकरणाबद्दल सांगितलं. काका म्हणतात ते काढ, नाहीतर मी फिल्म दाखवू देणार नाही. काय करू? (नाव न छापण्याची विनंती)

काका कोण सांगणारे? आजोबांना विचारा. हयात आहेत ना? त्यांना जोडलेली फिल्म पूर्ण दाखवा, त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या वेळेला, चहा देऊन. ते म्हणाले ठेव, तर ठेवा. म्हणाले काढ, तर काढा आणि कुरकुर करू नका. मी आजीला दाखवली तेव्हा तिने एकच वाक्य काढायला लावलं. मला ते फिल्मचा कणा वाटत होतं. काढलं. फिल्म उभी राहिली, म्हणजे तो कणा नव्हता.

प्रकरण दुसऱ्या हयात माणसाचं असेल तर मात्र काकांचं थोडं ऐका. मूळ चित्रण पुसू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा, वर तारीख लिहा. आणि सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. आमची एक अश्दोदला आहे.

आजीला साल आठवत नाहीत, किंवा चुकीची आठवतात. दुरुस्त करायची का? (एक वाचक, मालाड)

नाही. माझ्या आजीने भाऊ 1952 ला गेला असं तीनदा सांगितलं. त्याच्या बोटीच्या तिकिटावर 1954 आहे. मी तिचं वाक्य ठेवलं आणि लगेच तिकिटाचं चित्र लावलं, वर एक शब्दही न लिहिता. बघणाऱ्याला डोळे असतात. तिला ती दोन वर्षं का कमी झाली हे मी विचारलं होतं. म्हणाली, 'तो जाणार जाणार म्हणत होता तेव्हाच गेला.'

फिल्मचा शेवट कसा करावा? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

माझा मी केला नाही, तो आजीने केला.

शुक्रवारची दुपार होती, डिसेंबर, लवकर अंधारतं ते दिवस. सकाळपासून काळ्या मनुका भिजत होत्या. कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारी, वाइन कोकणात कुठून मिळणार, म्हणून आमच्याकडे किद्दूशला, शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, मनुकांचं सरबत. आजीने त्या हाताने कुस्करल्या, पांढऱ्या फडक्यात घेतल्या, पिळल्या. रस चहाच्या रंगाचा निघतो, मग हळूहळू गडद होतो. मग तिने काचेचा पेला घेतला, अर्धा पाण्याने भरला, वर खोबरेल ओतलं. तेल आणि पाणी यांच्यामधली रेघ स्थिर होईपर्यंत ती थांबली. वात सोडली. पदर डोक्यावर घेतला, काडेपेटी हातात घेतली आणि मग तिला माझी आठवण झाली.

'बंद कर ते आता,' ती म्हणाली.

मी बंद केलं. फिल्म तिथे संपते, काडी ओढायच्या आधी. पेटलेला दिवा त्यात नाही, आणि त्याबद्दल मला आजवर जितकं ऐकावं लागलं तितकं दुसऱ्या कशाबद्दल नाही. एक ओळखीचे दिग्दर्शक तर कळकळीने म्हणाले, शेवट हातातून घालवलास. आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी तिच्याकडून दिवा लावून घे, कोणाला कळणार आहे?

मोहात पडून मी खरंच गेले. बुधवार होता. आजीला म्हटलं, जरा तो पेला घेऊन वात लावतेस का, फक्त दोन मिनिटं, मला शॉट हवाय. आजी भाजी निवडत होती. तिने मान वर केली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग मला पाहिलं.

'आज कशाला? आज काय आहे?'

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि तिच्यासमोर मेथी निवडायला बसले.